मधल्या सीटचं अपील

निकालपत्र जेमतेम दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर सुई हरली होती, ते तिने कसंबसं गिळलं. दुसऱ्या पानावरच्या चौथ्या ओळीला मात्र घास घशात अडकला.

ओळ अशी होती : ‘वादी यांनी स्वतः तयार केलेला तीन आसनी सोफा प्रतिवादी यांनी तीस दिवसांच्या आत, आहे त्या स्थितीत, वादी यांच्या दुकानी पोचता करावा.’

“स्वतः तयार केलेला!” सुई कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडली. दोन वकील आणि एक सायकलवाला थांबले. “स्वतः म्हणे! या माणसाने स्वतः कधी उशीला अभ्रा घातला नाही!”

सोफा जाणार याचं दुःख होतंच. पण त्या चौथ्या ओळीने जी आग लावली, तिच्यापुढे ते दुःख म्हणजे कोमट पाणी. सोफा न्या, घरदार न्या, पण नऊ वर्षं मान मोडून स्प्रिंगा बांधल्या कोणी आणि कोर्टाच्या शिक्क्याखाली नाव लागलं कोणाचं? तिने तिथेच, पायरी क्रमांक सहावर, ठरवलं. ही ओळ खोडायची. खोडताना त्या माणसाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या पाहिजेत की त्याला आयुष्यभर शिंका आल्या पाहिजेत.

तर आधी त्या माणसाबद्दल.

बाजारात या दोघांना सुई-दोरा म्हणायचे. ती बुटकी, ताठ आणि टोचणारी. तो लांबलचक, ढिला, आणि जिथे जाईल तिथे गुंता करणारा. जुने सोफे, खुर्च्या उसवून पुन्हा नव्या करण्याचं दुकान दोघांनी मिळून चालवलं. संसारही मिळूनच चालवला, नऊ वर्षं, मग तो बंद पडला. घटस्फोट मात्र इतक्या शहाणपणाने घेतला की वकिलाचीही गरज लागली नाही, आणि तीच चूक झाली. वाटणीच्या कागदावर दोघांनी स्वतःच्या अकलेने एकच वाक्य लिहिलं : ‘दुकानाचं ते त्याचं, घरातलं ते तिचं.’ दोघंही त्या वाक्यावर बेहद्द खूश होते.

त्या वाक्यात हा सोफा बसत नव्हता. तो दोघांनी केलेला पहिला सोफा. पहिली दोन वर्षं दुकानाच्या काचेत नमुना म्हणून राहिला आणि पुढची सात वर्षं घरात. काचेत होता तेव्हा लोक म्हणायचे, “वा, दोऱ्याचा सोफा!” कारण गिऱ्हाइकांशी गप्पा दोरा मारायचा आणि सुई मागच्या खोलीत तोंडात खिळे धरून बसलेली असायची. तोंडात खिळे असले की माणसाला खुलासा करता येत नाही. घरात आला तेव्हा दोरा त्याच्या अगदी मधल्या सीटवर गुडघे फाकवून बसायचा. त्यामुळे तीन माणसांच्या सोफ्यावर एक दोरा आणि एका कडेला लोंबणारी अर्धी सुई एवढंच मावायचं.

घटस्फोटानंतर दीड वर्ष सगळं शांत होतं. मग एके दिवशी दोऱ्याला आठवलं की सोफा दुकानाचा आहे. त्याने किरकोळ दाव्यांच्या कोर्टात दावा लावला. वीस मिनिटांत सुनावणी झाली आणि ही वरची ओळ लिहिली गेली.

“जावईबापूंनी असं करायला नको होतं,” आई म्हणाली. आई सुईकडेच राहायची आणि त्या सोफ्याच्या उजव्या सीटवर तिचा कायमचा मुक्काम होता.

“माजी म्हण.”

“माजी जावईबापूंनी असं करायला नको होतं.”

*

अपिलाचा अर्ज खिडकी नंबर चारवर मिळतो असं पाटीवर लिहिलं होतं. खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांच्या बोटावर कागद उलटायची रबरी टोपी होती आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

“अपील करायचंय,” सुई म्हणाली.

“कशावर?”

“त्याच्यावर.”

“माणसावर नसतं अपील, ताई. निकालावर असतं.”

“मग निकालावर. वरच्या कोर्टात सगळं पहिल्यापासून सांगते. नऊ वर्षांचं. एकेक.”

“नाही सांगता येत.” बाईंनी कागद उलटला. “वर गोष्ट ऐकत नाहीत. खालच्या साहेबांनी ती नीट ऐकली का, एवढंच बघतात. नवीन साक्षीदार नाही, नवीन पुरावा नाही. सुनावणीचं ध्वनिमुद्रण असतं, त्याची लिखित नोंद मागवायची, आणि त्या नोंदीत बोट ठेवून दाखवायचं की साहेब इथे चुकले. कायदा चुकीचा लावला, किंवा बोलायची संधी दिली नाही, किंवा पुराव्यात एक होतं आणि लिहिलं भलतंच. एकवीस दिवसांत.”

“आणि तोवर सोफा?”

“तोवर सोफा द्यायचा. अपील केलं म्हणून निकाल थांबत नाही. थांबवायचा तर स्थगितीचा अर्ज वेगळा. आणि हे बघा, सगळ्यात महत्त्वाचं…”

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. गादीकाम करणाऱ्या माणसाला जगात माणसं दिसत नाहीत, त्यांच्याखालच्या खुर्च्या दिसतात. बाईंच्या खुर्चीच्या डाव्या कोपऱ्यातून स्पंज बाहेर डोकावत होता. शिवण उसवली होती, आणि मूळ शिवण घालणाऱ्याने काळ्या रेक्झिनला निळा दोरा वापरला होता. सुईची नजर त्या निळ्या दोऱ्यावर खिळली. कोण गाढव असेल हा? पैजेवर सांगते, दोऱ्याचंच काम असणार. बाई बोलत होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आणि सुई मनातल्या मनात तो कोपरा उसवून पुन्हा शिवत होती.

“… कळलं ना?” बाईंनी विचारलं.

“कळलं,” सुई म्हणाली. काहीही कळलं नव्हतं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत तिने अकरा पानं लिहिली. आईने चष्मा लावून वाचली.

मुद्दा क्रमांक एक : ‘वादी हा जन्मजात खोटारडा असून त्याच्या आईनेही हे माझ्याजवळ कबूल केलेले आहे.’ मुद्दा क्रमांक चार : ‘वादीस स्प्रिंग आणि सळई यांतला फरक लग्नानंतर समजला.’ मुद्दा क्रमांक सात एवढाच होता : ‘ओला टॉवेल.’

“हे काय?” आईने विचारलं.

“त्याला कळेल.”

“अगं, न्यायाधीशांना कळायला हवं ना?”

“लग्न झालेले असतील तर कळेल.”

खिडकी नंबर चारच्या बाईंनी अकराही पानं वाचली. ओल्या टॉवेलपाशी त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. मग त्यांनी गठ्ठा परत सरकवला.

“यात न्यायाधीशांची चूक एकही नाही. सगळ्या नवऱ्याच्या आहेत.”

“माजी.”

“माजी नवऱ्याच्या. ताई, त्याच्या चुकांचं कोर्ट हे नव्हे. नोंद मागवा.”

*

नोंद यायला नऊ दिवस लागले. एकवीसमधले सात उरले होते. सुईने तो बावीस पानी गठ्ठा जमिनीवर पसरला आणि लाल पेन्सिल घेऊन पालथी पडली.

एक मुद्दा तिने आधीच हेरून ठेवला होता. दोऱ्याची साक्ष संपल्यावर तिला त्याची उलटतपासणी करू दिलीच नव्हती! थेट निकालच. बोलायची संधी दिली नाही म्हणजे काय! तिने ते पान शोधलं. पान अकरावर छापलं होतं :

‘न्यायाधीश : प्रतिवादींना वादींना काही विचारायचं आहे का?

प्रतिवादी : याला काय विचारायचं, साहेब? नऊ वर्षं विचारून दमले. एकाचंही उत्तर आलं नाही.

(हशा)

न्यायाधीश : म्हणजे नाही.’

सुईला तो हशा आठवला. त्या दिवशी तो तिला फार गोड लागला होता. आता तोच हशा कंसात बसून तिच्याकडे बघून दात काढत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या नोंदीत जागोजागी एक शेरा होता : ‘(खुर्चीचा आवाज)’. तिने मोजलं, एकतीस वेळा. आणि तिला ती खुर्ची लख्ख आठवली. त्या वीस मिनिटांत सुईने न्यायाधीशांच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. ती त्यांच्या खुर्चीचं निदान करत होती. साहेब पुढे झुकले की किर्र, मागे टेकले की किर्र. मधल्या ओळीतली तिसरी स्प्रिंग. स्प्रिंग आणि खालची लाकडी पट्टी यांच्यात कापडाची एक घडी ठेवायची असते, बोटाएवढी. ती कोणीतरी ठेवली नव्हती किंवा कुजून पडली होती, आणि स्प्रिंग लाकडाला घासत होती. सुईला ते दहाव्या सेकंदाला कळलं होतं. उरलेली एकोणीस मिनिटं आणि पन्नास सेकंद तिने, ही घडी खुर्ची न उलटवता बसवता येईल का, या विचारात घालवली होती.

त्यामुळे पान सहावर काय बोललं गेलं, ते तिने त्या दिवशी ऐकलंच नव्हतं. आता पहिल्यांदा वाचलं.

‘न्यायाधीश : सोफा कोणी तयार केला?

वादी : सांगाडा मी ठोकला. स्प्रिंगा, गादी, शिवण सगळी तिची. मला स्प्रिंगा जमत नाहीत. तिच्यासारख्या कोणालाच जमत नाहीत. (खुर्चीचा आवाज) पण तयार दुकानात झाला.

न्यायाधीश : काय म्हणालात? आवाज…

वादी : दुकानात तयार झाला.

न्यायाधीश : म्हणजे तुम्ही दुकानात तयार केला. (खुर्चीचा आवाज) पुढे.’

सुईने ते तीनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं.

“बघ,” आई म्हणाली, “खरं बोलले की गं जावई—”

“माजी!”

“खरं बोलले माजी.”

यावर सुई नरमली असेल असं कोणाला वाटलं, तर त्याने तिला ओळखलंच नाही. तिच्या तळपायाची आग आता मस्तकाला जाऊन तिथून छताला लागली. नऊ वर्षं! नऊ वर्षांत या माणसाने घरात एकदा, भिंतीकडे तोंड करून का होईना, हे वाक्य उच्चारलं नाही. आणि उच्चारलं तेव्हा शपथेवर, परक्या माणसाला, तेही खुर्ची किरकिरत असताना. म्हणजे त्याला माहीत होतं! माहीत नसतं तर माफ तरी करता आलं असतं.

आणि याहून मोठी पंचाईत पुढेच होती. पान सहा हाच एकमेव मुद्दा होता. ‘पुराव्यात एक होतं, लिहिलं भलतंच.’ ती ओळ खोडायची तर सुईला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीखाली लिहून द्यावं लागणार होतं की तो खरं बोलला.

ती दोन दिवस बोटं मोडत फिरली. तिसऱ्या दिवशी बसली आणि लिहिलं : ‘वादीने नकळत आणि चुकून दिलेला खरा जबाब…’

“नकळत काढा,” खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

तिने काढलं.

“‘चुकून’ही काढा.”

“चुकून राहू दे ना, बाई. तेवढाच माझा आधार आहे.”

“चुकून बोलला म्हटलं तर जबाबाची किंमत जाते. मुद्दाही जातो.”

सुईने दातओठ खात ‘चुकून’ खोडलं. उरलं ते असं : ‘वादीने दिलेला खरा जबाब.’ चार शब्द. एवढं मोठं माप तिने त्याच्या पदरात लग्नातही घातलं नव्हतं. अर्जाच्या वरच्या रकान्यात तिचं नाव आता ‘अपीलकर्ती’ झालं आणि त्याचं ‘उत्तरवादी’.

“उत्तरवादी,” ती म्हणाली. “हा!”

“तसंच म्हणतात,” बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

*

स्थगिती मिळाली, पण अटीवर. निकाल लागेपर्यंत सोफा कोणी वापरायचा नाही. कोर्टाचा बेलीफ घरी आला. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, तिन्ही सीटवरून फीत आडवी बांधली, गाठीवर लाख ओतून शिक्का दाबला आणि आईला अतिशय नम्रपणे उठवलं.

“किती दिवस?” आईने विचारलं.

“अपील लागेपर्यंत, आजी.”

आई स्टुलावर बसली. साडेचार महिने बसली. घरी पाहुणे आले की तेही जमिनीवर बसायचे आणि समोर फीत बांधलेला रिकामा सोफा एखाद्या मानाच्या पाहुण्यासारखा बघत बसायचा. बेलीफ दर महिन्याला लाख तपासायला यायचा आणि तोही उभ्यानेच चहा प्यायचा. एकदा सुईने त्याला म्हटलं की बिछान्यावर तरी बसा, तर तो म्हणाला, “नको, उद्या त्याच्यावरही दावा लागला तर?”

सुनावणीच्या दिवशी वरच्या कोर्टाच्या बाहेर बाकावर दोरा बसलेला होता. बाकाच्या मधोमध. गुडघे फाकवून.

“सरक,” सुई म्हणाली.

“एवढी जागा आहे की.” त्याने डावीकडची चार बोटं जागा दाखवली.

“उभी राहते.”

ती भिंतीला टेकली. मग दोरा म्हणाला, “तुझं अपील वाचलं मी. ‘वादीने दिलेला खरा जबाब.’ बरं वाटलं.”

“बरं वाटू नये म्हणून सोळा वेळा लिहिलं ते.”

“सोफा तुला कशाला हवाय? तू एका कडेलाच बसायचीस.”

“मी बसायचे की बसवली जायचे?”

“मधली सीट मला लागते. पाठीला बरं पडतं. तुझ्या स्प्रिंगा—”

“तोंड मिट. नोंदीत बोललास तेवढं पुष्कळ झालं.”

तेवढ्यात पुकारा झाला.

वरच्या न्यायाधीश बाई होत्या. सुईने आत शिरताच सवयीने त्यांची खुर्ची पाहिली. खुर्ची उत्तम होती. एकदाही वाजली नाही. त्यामुळे त्या दिवशी सुईने आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात बोललेलं सगळंच्या सगळं ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

तिने भाषण तयार करून आणलं होतं. “बाई, लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच—”

“नोंदीतलं पान?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“पान सहा. ओळ चौदा.”

“वाचा.”

आणि सुईला भर कोर्टात, खणखणीत आवाजात, दोऱ्याचे शब्द दोऱ्यासमोर वाचावे लागले. “‘मला स्प्रिंगा जमत नाहीत. तिच्यासारख्या कोणालाच जमत नाहीत.’” वाचताना तिचे कान लाल झाले. दोरा छताकडे पाहत होता, जणू ते कोणी दुसऱ्याच माणसाने म्हटलं होतं.

न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, “हा तुमचाच जबाब?”

“हो.”

“मग खालच्या निकालातली ओळ चूक आहे.”

“चूकच आहे,” दोरा म्हणाला. “पण सोफा दुकानाचा आहे.”

सगळं मिळून अकरा मिनिटं झाली. न्यायाधीशबाईंनी तिथेच सांगितलं. ‘वादी यांनी स्वतः तयार केलेला’ हे शब्द पुराव्याविरुद्ध असल्याने काढून टाकण्यात येत आहेत. त्या जागी ‘उभयतांनी तयार केलेला, स्प्रिंगा, गादी व शिवण अपीलकर्तीची’ असे वाचावे. सुईची मान ताठ झाली. तिने दोऱ्याकडे असं पाहिलं की तो एक इंच आखूड झाला.

“तथापि,” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “सोफा कोणी केला यावर तो कोणाचा हे ठरत नाही. तो नमुना म्हणून दुकानासाठी केला होता, हे अपीलकर्तीने खाली नाकारलेलं नाही. चुकीमुळे निकालाचा शेवट बदलत नाही. आदेश कायम. फीत काढून पंधरा दिवसांत सोफा पोचता करावा.”

सुई तडक खिडकी नंबर चारवर गेली.

“चूक मान्य केली आणि सोफा त्यालाच दिला! हे काय आहे?”

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “सगळ्यात महत्त्वाचं म्हणून. नुसती चूक पुरत नाही, त्या चुकीने निकाल फिरला असता असं दाखवावं लागतं. तुम्ही कळलं म्हणालात.”

सुईने खाली बघितलं. निळा दोरा अजून तिथेच होता.

“याच्यावर पुढे?”

“आहे. पण त्याला कायद्याचा मोठा प्रश्न लागतो. तुमच्याकडे सोफा आहे.”

सुई जायला निघाली. मग थांबली. परत आली.

“बाई, आदेशात ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलंय. म्हणजे कशा?”

“बेलीफने काढलेल्या फोटोंत दिसतो तशा.”

“आणि समजा, आवाज?”

“फोटोला आवाज नसतो, ताई.” बाईंनी रबरी टोपीचं बोट हवेत थांबवलं आणि तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “आवाजाचं काही करता येत नाही इथे. खालच्या साहेबांच्या खुर्चीचा अर्ज सहा वर्षं पडून आहे.”

*

बेलीफने फीत कापली तेव्हा आईने साडेचार महिन्यांनी उजव्या सीटवर बूड टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. सुईने तिला पाच दिवस बसू दिलं. सहाव्या दिवशी भर दुपारी तिने सोफा उलटा केला.

खालचं कापड तिने एका बाजूने, पिना एकेक करून, असं सोडवलं की डॉक्टरही टाके इतक्या हळुवारपणे काढत नसतील. आत तिच्या हातच्या गाठी होत्या, अकरा वर्षांपूर्वीच्या. एकही ढिली नव्हती. तिला क्षणभर स्वतःचाच इतका अभिमान वाटला की ती जवळजवळ विसरलीच की आपण सोफा कशासाठी उघडलाय.

मग मधली सीट. मधली ओळ. तिसरी स्प्रिंग. तिने चिमटा आत घातला आणि स्प्रिंग आणि लाकूड यांच्यातली कापडाची घडी अलगद ओढून काढली. बोटाएवढी. बाकी कशालाही हात लावला नाही. पिना त्याच भोकांत परत मारल्या. सोफा सरळ केला, बेलीफच्या फोटोंची प्रत समोर धरली आणि चारी बाजूंनी ताडून पाहिलं. तंतोतंत.

“बस गं मधे,” ती आईला म्हणाली.

आई मधल्या सीटवर बसली.

किर्र.

“अगंबाई,” आई म्हणाली. “हा तर मोडला.”

“मोडला नाही. तसाच आहे. फोटोत बघ.”

आईने फोटो पाहिला, मग मुलीकडे पाहिलं. “तू लहानपणीही अशीच होतीस,” ती म्हणाली आणि पुन्हा एकदा, मुद्दाम, थोडी हलली. किर्र. “पण काम छान झालंय.”

दोऱ्याने दुकानाच्या काचेत सोफ्यासाठी जागा करून ठेवली होती. हमालांनी सोफा ठेवला. सुईने पोचपावती पुढे केली. दोऱ्याने तिन्ही सीट हाताने दाबल्या, शिवण पाहिली, फोटो ताडून पाहिले. बुडाखाली वाकून पिनाही मोजल्या, कारण तोही तिला ओळखून होता. मग सही केली. पावती पर्समध्ये जाऊन चेन लागेपर्यंत सुई एक अक्षर बोलली नाही.

दोऱ्याने समाधानाने हात झटकले आणि आपल्या जागी, बरोबर मधे, गुडघे फाकवून बसला.

किर्र.

तो थिजला. हळूच मागे टेकला. किर्र. हा आवाज त्याने वीस मिनिटांत एकतीस वेळा ऐकला होता. तोही शेवटी गादीकाम करणाराच, त्या दिवशी तोही साहेबांच्या तोंडाकडे थोडाच बघत होता.

“हे काय?”

“आहे त्या स्थितीत,” सुई म्हणाली.

“स्प्रिंग आहे ही.”

“असेल.”

“अगं, मला स्प्रिंगा…” वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

“पान सहा, ओळ चौदा,” सुई म्हणाली. “शपथेवर. वरच्या कोर्टाने मान्य केलेलं.”

“नीट करून दे.”

“मी? माझा काय संबंध? सोफा दुकानाचा आहे.”

“दुसऱ्या कोणाकडून करून घेईन.”

“घे की. माझ्यासारख्या कोणालाच जमत नाहीत, असं तूच सांगून आलायस. कडेला बसत जा. मी बसायचे.”

दोरा उजवीकडे सरकला. शांत. डावीकडे सरकला. शांत. मग त्याची पाठच त्याला मधे घेऊन आली. किर्र. काचेबाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढे गेली.

“मग आता मी काय करायचं?” तो म्हणाला. अकरा वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता, आणि सुईने त्याचं लगेच, नीट, पूर्ण उत्तर दिलं.

“अपील कर. एकवीस दिवस आहेत. खिडकी नंबर चार.”

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. मागून पुन्हा एकदा आवाज आला, मग आणखी एकदा. तो अजून जागा शोधत होता. सुईने पर्समध्ये हात घालून ती बोटाएवढी कापडाची घडी चाचपली, नीट दुमडली आणि पोचपावतीला टाचून ठेवली.